स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांचा सांभाळ

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजोबांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली की पोरे तोंड लपवून हसत, आणि आजी मध्यरात्री उठून भांडी मोजू लागली म्हणजे शेजारीण म्हणे, म्हातारचळ लागला. या म्हणीने व या शब्दाने आपले फार नुकसान केले आहे असे आम्हांस वाटते. म्हातारपणी असे व्हायचेच, असे एकदा ठरले म्हणजे डॉक्टरकडे नेण्याचे कारण उरत नाही. आणि हा नुसता चळ आहे, असे ठरले म्हणजे रागावण्यास मोकळीक मिळते. या महिन्याच्या अभ्यासात आपण अशा वृद्धांचा विचार करू की ज्यांची स्मृती जात चालली आहे आणि ज्यांचा सांभाळ घराबाहेर, साहाय्य देणाऱ्या निवासात होत आहे किंवा लवकरच करावा लागणार आहे. पुष्कळ कुटुंबांत हा विषय दार लावून बोलला जातो. येथे तो उघडपणे बोलू या.

प्रथम रोग समजून घ्यावा

स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो, एकच एक रोग नव्हे. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरण, भाषा, हिशेब, दिशा ओळखणे, आवरसावर करणे या शक्ती ढासळत जातात, त्या अवस्थेचे ते नाव आहे. शंभरांपैकी साठ ते सत्तर रोग्यांत मूळ कारण अल्झायमरचा विकार असते. काहींत ते मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे असते. काहींत अंग ताठर होते व खोलीत नसलेली माणसे दिसू लागतात. आणि काहींत आठवण शाबूत राहून स्वभावच आधी पालटतो, भिडस्त माणूस चारचौघांत वाटेल ते बोलू लागतो. या शेवटच्या प्रकारात घरच्यांना सर्वांत अधिक लाज वाटते आणि रोग ओळखण्यासही सर्वांत अधिक उशीर होतो.

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०१ साली फ्रांकफुर्ट येथील रुग्णालयात आउगुस्टे नावाच्या ५१ वर्षांच्या बाईस प्रथम तपासले. ती १९०६ साली वारली; त्याच वर्षी त्याने तिच्या मेंदूतील बदलांविषयी व्याख्यान दिले, आणि १९१० साली क्रेपेलीन या त्याच्या वरिष्ठाने या विकारास त्याचे नाव दिले. अल्झायमरने लिहिलेली त्या बाईची कागदपत्रे बरीच वर्षे हरवली होती, ती १९९५ मध्ये सापडली. पतीचे नाव विचारले असता तिने आपलेच नाव सांगितले, फुलकोबी खात असताना पालक खाते म्हणून सांगितले, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात टिपलेल्या आहेत. मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली घालण्यापूर्वी या डॉक्टराने त्या बाईजवळ बसून तिचे बोलणे ऐकून घेतले होते, हे आम्हांस विशेष वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोक या अवस्थेत होते. आपल्या देशाविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साठ वर्षांवरील लोकांत हे प्रमाण शेकडा ७.४ आढळले, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. ही संख्या मोठीच आहे. परंतु ती उलट बाजूनेही वाचावी. साठी उलटलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश नाही! म्हण खोटी ठरली.

आणखी एक गोष्ट. विसराळूपणा दिसला की प्रथम पूर्ण तपासणी झाली पाहिजे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे मांद्य, खोल औदासीन्य, पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त, यांपैकी कशानेही माणूस स्मृतिभ्रंशासारखा दिसू शकतो, आणि यांवर उपाय आहेत. तसेच कालपर्यंत बरा असलेला वृद्ध दोन दिवसांत एकदम बडबडू लागला किंवा सुस्त पडला तर तो स्मृतिभ्रंश वाढला असे समजू नये. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नवे औषध यांपैकी काही झाले असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. खऱ्या स्मृतिभ्रंशावर मात्र रोग समूळ घालविणारे औषध अजून नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. अलीकडे परदेशांत मंजूर झालेली नवी इंजेक्शने अगदी आरंभीच्या अवस्थेपुरती आहेत. निवासात येणारी माणसे बहुधा ती अवस्था ओलांडून आलेली असतात. तेव्हा त्यांच्यासाठी काळजी हाच मुख्य उपचार होय.

निवासात ठेवणे म्हणजे टाकणे काय?

आईला 'होम'मध्ये ठेवले, हे वाक्य उच्चारताना मुलाची मान खाली जाते. नातेवाईक तोंडावर काही बोलत नाहीत, पण उपासना संपल्यावर बाहेर बोलतात. या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. पंचाहत्तर वर्षांची पत्नी ऐंशी वर्षांच्या पतीला रात्रीतून चार वेळा उठवून, धुऊन, पुन्हा निजवीत असेल, तो गॅस उघडा टाकत असेल, दार उघडून रस्त्यावर जात असेल, आणि मुले पुण्यास किंवा आखातात असतील, तर त्या बाईला 'तूच कर' म्हणणे ही माया नव्हे. आधी ती आजारी पडेल, आणि मग दोघांचेही पाहण्यास कोणी उरणार नाही.

याचा अर्थ घरी सांभाळ होतच नाही असे नाही. गोव्यात दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनी डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले. त्यांनी रोग समजावून सांगितला, कठीण वागणुकीस कसे तोंड द्यावे ते दाखविले, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेतले. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मनावरील ताण कमी झालेला आढळला. यात कोणतेही महाग यंत्र नव्हते. आपल्या महिला मंडळांनी या गोष्टीचा जरूर विचार करावा, कारण पुष्कळ कुटुंबांना निवासाचा खर्च झेपणारा नाही.

ज्यांना झेपतो त्यांनी निवास म्हणजे काय ते नीट पाहून घ्यावे. साधे वृद्धाश्रम पुष्कळदा चालते-फिरते, आपले आपण करणारे वृद्ध घेतात. स्मृतिभ्रंश म्हटला की जागा नाही म्हणतात, किंवा घेतात आणि सहा महिन्यांनी घेऊन जा म्हणतात. साहाय्य देणारा निवास म्हणजे जेथे राहण्याजेवणाबरोबर आंघोळ, कपडे, औषधे, शौच यांस मदतनीस असतो, आणि रात्रीही जागा माणूस असतो. माहितीपत्रकातील बागेच्या चित्रावर जाऊ नये. न कळविता संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे. त्या वेळी या रोग्यांची बेचैनी वाढते, दिवसपाळीचे लोक निघण्याच्या घाईत असतात, आणि निवासाचे खरे रूप दिसते. लघवीचा वास येतो का? मदतनीस रोग्याशी बोलतात की त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात? रात्री किती माणसांमागे एक मदतनीस असतो? अंथरुणास खिळल्यावर ठेवून घेणार की परत पाठविणार? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.

कायद्याच्याही दोन गोष्टी येथे सांगून टाकतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात दीडशे जणांची सोय होईल असे निदान एक गृह असावे अशी तरतूद आहे. आणि ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठास टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसरी गोष्ट बँकेच्या व्यवहाराची. साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेल्यावर टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्यातच तसे आहे. म्हणून मृत्युपत्र, संयुक्त खाते, वारसनोंद ही कामे रोगाच्या आरंभी, त्या माणसाला कळत असताना, त्याला विचारून करावी. मागाहून अंगठा उमटवून घेणे हा अन्याय आहे, मग तो कितीही चांगल्या हेतूने केलेला असो.

भाषेचा प्रश्न

आता आपल्यासारख्यांच्या खास अडचणीकडे येऊ. हैदराबाद, वडोदरा, इंदूर, बेळगाव येथील आपली माणसे दोनतीन भाषांत वाढलेली असतात. याचा एक लाभ दिसून आला आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील डॉ. सुवर्णा अल्लादी व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली ६४८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली आढळली. निरक्षरांतही तसेच दिसले. म्हणजे घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीत उर्दू बोलणाऱ्या आपल्या आजोबांनी नकळत आपल्या मेंदूस तालीमच दिली म्हणायची.

परंतु रोग पुढे सरकला म्हणजे मोठेपणी शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते व आईची भाषा मागे राहते. चाळीस वर्षे तेलुगूत सफाईने बोललेली बाई हळूहळू केवळ मराठीत बोलू लागते, आणि तीही माहेरच्या गावची मराठी! ती म्हणते, "परसाकडे जायचंय." मदतनीस मुलगी समजते की आजींना बाहेर जायचे आहे. ती गोड हसून दार लावून घेते. पाच मिनिटांनी लुगडे ओले होते, आजी ओरडतात, आणि नोंदवहीत लिहिले जाते की रोगी आक्रमक झाला. यात रोगाचा दोष किती आणि न समजलेल्या एका शब्दाचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर उपाय स्वस्त आहे. एका जाड कागदावर वीसपंचवीस शब्द लिहावेत. मदतनीसाच्या लिपीत, तेलुगू, कानडी किंवा गुजराथी जी असेल तिच्यात, उच्चार आणि समोर अर्थ. पाणी, दुखतंय, थंडी वाजते, नको, भूक, आणि घरात खरोखर वापरात असलेले शौचाचे शब्द. पुस्तकी शब्द कामाचे नाहीत. त्याच कागदावर त्या माणसाला काय म्हणून हाक मारावी तेही लिहावे. जन्मभर जिला शाळेत आणि गावात सर्वांनी 'बाई' म्हटले ती 'बेबी' किंवा 'अम्मा' या हाकेला ओ देत नाही यात नवल नाही. आपल्या कित्येक वृद्धांच्या कानी 'नमस्ते' पोहोचत नाही, पण हात कपाळाशी नेऊन 'सलाम' म्हटले की त्यांचाही हात वर जातो.

वागण्यामागे माणूस असतो

इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे काम केलेल्या टॉम किटवुड यांनी या विषयात मोठा पालट घडवून आणला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की रोग्याची दशा केवळ मेंदूच्या नाशाने होत नाही. भोवतालची माणसे त्याला ज्या तऱ्हेने वागवितात तिचाही त्यात वाटा असतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, घाई करणे, मुलासारखे दटावणे, दुर्लक्ष करणे, यांनी माणूस अधिक खचतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. एक बाई तरुणपणी मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि पस्तीस वर्षे वॉर्डात राबली. आता निवासात ती पहाटे चारला उठते, प्रत्येक खाटेशी जाऊन लोकांची मनगटे धरते, पांघरुणे सारखी करते. शेजारी ओरडतात. तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेला मदतनीस तिला ओढून खाटेवर बसवितो आणि ती त्याला चावते. ठाऊक असलेला काय करील? तो म्हणेल, "सिस्टर, ड्यूटी संपली. रिपोर्ट द्या, मी पाहतो." तिच्या हाती एक वही देईल, चहा देईल. ती भटकत नव्हती. रात्रपाळी करीत होती. म्हणून निवासात दाखल करताना औषधांच्या यादीबरोबर त्या माणसाची दोन पानी हकीकत द्यावी : गाव, धंदा, सवयी, भीती, आवडती भाजी, कोणत्या कुशीवर निजतो, कोणत्या दुःखाचा विषय काढू नये. हे काम निवास करू शकत नाही. ते आपलेच आहे.

आंघोळीवरून सर्वांत अधिक भांडणे होतात. ज्याने जन्मभर बादली व तांब्याने स्नान केले त्याच्या डोक्यावर अचानक वरून फवारा सोडला तर तो घाबरणारच. बादली द्यावी, तांब्या त्याच्याच हाती द्यावा, आधी पायांवर पाणी घालावे. पांढऱ्या ताटलीतला दहीभात त्याला नीट दिसत नाही. रंगीत ताटली द्यावी. जमिनीवरची काळी चटई खड्डा वाटते, आरशातले प्रतिबिंब परका माणूस वाटतो. चटई काढावी, आरसा झाकावा. चष्मा पुसलेला आहे का, ऐकण्याच्या यंत्रात बॅटरी आहे का, कवळी त्याचीच आहे का, हे तर दर भेटीत पाहावे. "माझ्या बांगड्या हिने चोरल्या" असा आरोप झाला तर वाद घालू नये. सोबत शोधू लागावे. मात्र खरी चोरीही होऊ शकते, म्हणून सोने मुळात तेथे ठेवूच नये.

खोटे बोलावे काय?

संध्याकाळ झाली की ऐंशी वर्षांचे आजोबा उठतात : "मी घरी जातो, आई वाट पाहत असेल." आई जाऊन पन्नास वर्षे झाली. आता काय म्हणावे? हा प्रश्न आपल्या लोकांना फार छळतो, कारण खोटे बोलू नये असे आपण शिकलो आहोत.

खरे सांगितले तर ते ती बातमी जणू प्रथमच ऐकतात. रडतात. तासाभराने विसरतात आणि पुन्हा विचारतात. पुन्हा सांगितले तर पुन्हा मरण. रोज संध्याकाळी एखाद्याला त्याच्या आईच्या मरणाची बातमी देणे यास सत्यनिष्ठा म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. उलट "आई येतेच आहे" असे सांगितले तर ते दाराशी उभे राहून वाट पाहतात. हेही बरे नव्हे. पण या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा आहे. "आईची आठवण आली होय? काय करीत असे तुमची आई संध्याकाळी?" यात असत्य काहीच नाही. प्रश्न आईच्या पत्त्याचा नसतोच. भीती वाटते, परके वाटते, कोणी आपले हवे असते. त्या भीतीला उत्तर द्यावे. मग ते चुलीची, भाकरीची, कंदिलाची गोष्ट सांगत बसतात आणि जेवणाची वेळ होते. दर वेळी हे साधेल असे नाही. काही संध्याकाळी काहीच साधत नाही, आणि तेव्हा नुसते बरोबर अंगणात फेऱ्या माराव्यात.

बांधणे आणि निजविणे

याविषयी थोडक्यात पण निक्षून लिहितो. गडबड करतो म्हणून रोग्याला खुर्चीला बांधणे, किंवा क्वेटियापीन, ओलान्झापीन, रिस्पेरिडोन यांसारख्या गोळ्या देऊन दिवसभर पेंगत ठेवणे, हे काही ठिकाणी चालते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या वर्गाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २००५ साली दिला आहे. क्वचित, त्रास अनावर असताना, थोड्या दिवसांसाठी डॉक्टर ती देतात. पण कोणती, कशासाठी, केव्हा बंद करणार, हे विचारण्याचा कुटुंबास हक्क आहे. आरडाओरडीचे कारण पुष्कळदा दुखणे असते. दाढ, गुडघा, तुंबलेली लघवी. ते सांगता येत नाही म्हणून माणूस ओरडतो.

अखेरच्या अवस्थेत गिळणे जड जाते. ताठ बसवून, लहान घास, मऊ अन्न, घाई न करता भरवावे. निजलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. अंथरुणास खिळलेल्यास दर दोन तासांनी कूस पालटावी. नाकातून नळी घालून आयुष्य वाढते किंवा त्रास कमी होतो असे या अवस्थेत आढळलेले नाही. तो निर्णय घाईच्या रात्री नव्हे, आधी बसून डॉक्टरांशी बोलून करावा.

भेटीस जाताना

"ती ओळखतच नाही, मग जाऊन काय उपयोग?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नाव विसरले तरी स्पर्श, आवाज आणि मायेची भावना यांची ओळख बराच काळ टिकते. तुम्ही आला होता हे विसरले तरी आल्याने लाभलेली शांती काही वेळ राहते. "मी कोण, ओळख पाहू?" अशी परीक्षा घेऊ नये. "सलाम काकू, मी तुमच्या बहिणीचा मुलगा" असे आपणच सांगावे, समोर बसून, डोळ्यांच्या पातळीवर.

संगीताची आठवण या रोगात पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. मुलाचे नाव न आठवणारी बाई ना. वा. टिळकांच्या गीताची तीन कडवी न चुकता म्हणते, हे पाहून नवखा मदतनीस थक्क होतो. म्हणून मंडळीतून भेटीस जाणाऱ्यांनी पंधरा जणांचा घोळका आणि ढोलक घेऊन जाऊ नये. दोघातिघांनी जावे. त्यांच्या तरुणपणीचे एकच गीत, जुन्याच चालीवर, सावकाश म्हणावे. पाळकसाहेबांनी प्रार्थना लहान करावी. हात धरून केली तर उत्तम.

मदतनीसांचीही विचारपूस करावी. बारा बारा तास, थोड्या पगारावर, दुसऱ्याच्या आईचे मलमूत्र काढणाऱ्या या मुलींची नावे आपल्याला ठाऊक असावीत. तक्रार असेल तर व्यवस्थापकाकडे करावी. त्यांच्यावर रोग्यादेखत ओरडू नये, कारण आपण निघून जातो आणि रात्री ती दोघेच मागे राहतात.

खाटेशी एक वही ठेवावी. जो भेटीस जाईल त्याने तीत तारीख, कोण आले, कोणते गीत म्हटले, काय खाल्ले, कशाने हसू आले, ते दोन ओळींत लिहावे, म्हणजे पुढचा तेथूनच आरंभ करील. आणि निघताना दाराशी उभे राहून लांबलचक निरोप घेऊ नये. आपल्या रीतीप्रमाणे 'येतो' म्हटले की त्यांनाही चप्पल शोधावीशी वाटते. जेवणाचे ताट येईल अशी वेळ धरावी, मदतनीसाला शेजारी बसू द्यावे, पहिला घास त्यांच्या तोंडात जाऊ द्यावा, आणि मग हळूच उठावे.